एका दातासाठी काठमांडू

"साहेब, एका दातासाठी नेपाळ माणूस देईल का?"

फौजदार जाधवांनी माझ्या टेबलावर काडेपेटी ठेवली आणि हा प्रश्न विचारला. काडेपेटीत कापूस होता आणि कापसात एक दात. वरचा, पुढचा, पिवळा पडलेला. पुरावा म्हणून जप्त केलेल्या वस्तूला आम्ही मुद्देमाल म्हणतो. हा मुद्देमाल दोन वर्षं पोलीस ठाण्याच्या कपाटात पडून होता.

साल १९७७. मी सांगलीला सहायक सरकारी वकील होतो. पोलिसांनी केस उभी करायची आणि आम्ही ती कोर्टात चालवायची, असा व्यवहार. चार्जशीट कोर्टात जाण्याआधी फौजदार कागद आमच्याकडे तपासायला आणत. कलम नीट लागलंय का, साक्षीदार पुरेत का, एवढं बघून आम्ही कोपऱ्यात सही करायचो. दिवसाला अशा दहा-बारा सह्या व्हायच्या.

जाधवांची केस कवठे महांकाळच्या बाजूच्या एका गावातली होती. गावाचं नाव सांगत नाही. दत्तू नावाचा तेवीस वर्षांचा तरुण आणि त्याचा सख्खा चुलता शिवा नाना यांची विहीर सामाईक होती. आठवड्यातले तीन दिवस पाणी याचं, चार दिवस त्याचं. एके दिवशी पाळी दत्तूची असताना नानांनी इंजिन चालूच ठेवलं. शब्दाला शब्द लागला आणि दत्तूनं चुलत्याच्या कानाखाली वाजवली. दुसऱ्या दिवशी नाना दात हातात घेऊन फिर्याद द्यायला आले. फिर्याद झाल्याचं कळताच दत्तू संध्याकाळच्या एसटीनं पसार झाला.

"आणि आता काठमांडूत आहे म्हणताय. पत्ता?"

"पत्ता अख्ख्या गावाला पाठ आहे, साहेब. गलाईच्या दुकानात आहे."

त्या भागात पाऊस कमी आणि माणसं जास्त, म्हणून कित्येक घरांतला एक तरी गडी गलाईला जातो. गलाई म्हणजे सोनं-चांदी वितळवून चोख करायचं काम. सोनाराच्या दुकानातला केरसुद्धा हे लोक विकत घेतात आणि भट्टीत घालून त्यातला सोन्याचा कण वेगळा काढतात. हिंदुस्थानातल्या बहुतेक सराफ बाजारांत यांच्या भट्ट्या आहेत, आणि नेपाळातही. एक गेला की भावकीतले चार मागं जातात. त्यामुळे काठमांडूच्या एका बोळात आपल्या मुलखाची भाषा ऐकू येते, असं जाधव म्हणाले. दत्तू पळाला खरा, पण पळून तो गावातच राहिला होता. फक्त ते गाव दुसऱ्या देशात होतं.

आता जाधवांच्या प्रश्नाकडे येतो. परक्या देशात गेलेला आरोपी सरकारनं रीतसर परत मागायचा, याला प्रत्यार्पण म्हणतात. एलएलबीच्या परीक्षेत मी त्यावर एक टीप लिहिली होती, त्यानंतर तो शब्द कामी आला नव्हता. आमच्या जिल्ह्यात कोणाच्याच कामी आला नव्हता. मी आष्ट्याचा. आमच्या घरातलं माझ्याआधी कोणी कोर्टात गेलं असेल तर ते साक्षीदार म्हणून. तेव्हा जिल्ह्यातली पहिली प्रत्यार्पणाची केस कांबळे वकिलानं केली, असं लोकांनी म्हणावं, हा मोह मला पडला. तो नव्हता असं आज सांगण्यात अर्थ नाही.

मी लायब्ररीतून करार शोधून काढला. देश एकमेकांना वाटेल त्या गुन्ह्यासाठी माणसं देत नाहीत. काही करारांत शिक्षेची मर्यादा घातलेली असते, अमुक इतक्या शिक्षेच्या वरचा गुन्हा असेल तरच माणूस मिळतो. काही करारांत सरळ यादीच असते. नेपाळच्या करारात यादी होती. खून, दरोडा, जाळपोळ असे सगळे दांडगे गुन्हे होते आणि त्यांच्यातच 'गंभीर दुखापत' होती.

इथं माझं कुतूहल जागं झालं. कारण आपल्या दंड संहितेत दुखापत दोन प्रकारची असते, साधी आणि गंभीर. कानाखाली मारणं ही साधी. तिला कलम ३२३ आणि फार तर एक वर्ष. पण गंभीर दुखापत कशाला म्हणायचं याचीही एक यादी आहे. डोळा जाणं, कान जाणं, असं करत करत सातव्या क्रमांकावर येतं हाड किंवा दात मोडणं, निखळणं. म्हणजे मांडीचं हाड आणि पुढचा दात एकाच ओळीत. दात पडला की कलम ३२५ आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत. एका चापटीत गुन्हा लहानाचा मोठा होतो. दोन याद्या जोडल्या तर जाधवांच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असं येत होतं. कागदावर तरी.

मी उत्साहात माझे वरिष्ठ इनामदार साहेब यांच्याकडे गेलो. निवृत्तीला त्यांचं वर्ष-दीड वर्ष उरलं होतं. नोकरीची सुरुवात त्यांनी संस्थानी कोर्टात कारकून म्हणून केली होती, आणि सगळं ऐकून घेताना पान लावत बसायची सवय त्यांना तिथलीच.

"दिल्लीला दात पाठवणार तुम्ही?"

"दात नाही साहेब. डॉक्टरचं सर्टिफिकेट."

"कांबळे, हे आम्ही खूप केलंय. तुमच्या जन्माच्या आसपास. तेव्हा आपल्याकडे ओढा ओलांडला की दुसरं राज्य लागायचं. एक गाव इंग्रजाचं, पलीकडचं संस्थानाचं, त्याच्या पलीकडचं आणखी दुसऱ्या संस्थानाचं. लोक मारामारी करून ओढा ओलांडायचे आणि पलीकडच्या काठावर बसून इकडच्या फौजदाराला रामराम घालायचे."

"मग मागत नव्हता?"

"खुनी मागायचो. दरोडेखोर मागायचो. जनावरं चोरणारा तर आधी मागायचो. कानफटात मारणारा कोणी मागत नव्हतं."

"यादीत नव्हता म्हणून?"

"यादी नंतर हो. आपण त्यांचा एक मागितला की ते आपल्याकडचे चार मागायचे. मग त्या चौघांना धरा, कोंडा, भाकरी घाला, शिपाई देऊन हद्दीपर्यंत पोचवा. एवढं कोणासाठी करायचं याचा अंदाज दोन्हीकडच्या दरबारांना होता. त्या अंदाजाची पुढं यादी झाली." त्यांनी पान तोंडात सारलं. "करा तयार कागद. पण जिल्ह्याचं हसं होऊ देऊ नका."

परवानगी मिळाली होती. मी जाधवांना कामाला लावलं. नुसतं 'आमचा माणूस द्या' म्हणून दुसरा देश देत नाही. तिथल्या मॅजिस्ट्रेटला प्रथमदर्शनी गुन्हा दिसला पाहिजे. म्हणून फिर्यादीचा आणि डॉक्टरचा जबाब नव्यानं, शपथेवर हवा. आरोपीचा फोटो हवा. सगळ्याच्या प्रती मुंबईला, मुंबईहून दिल्लीला, दिल्लीहून काठमांडूला. आणखी एक अट मला फार आवडली होती. ज्या गुन्ह्यासाठी माणूस मागितला त्याच गुन्ह्याचा खटला त्याच्यावर चालवता येतो. आणलाच आहे तर जुनी दोन प्रकरणंही उरकून घेऊ, असं चालत नाही.

आठवड्याभरात एक बाई ऑफिसात आल्या. पन्नाशीच्या, विटकं लुगडं, हातात पिशवी. दारातच उभ्या राहिल्या.

"कांबळे सायेब कोन?"

"मी. काय काम?"

"म्या दत्तूची आई. हौसाबाई. माझ्या पोराला सरकार आनणार हाय म्हनं. खरं हाय का?"

मी सावरून बसलो. आरोपीच्या आया ऑफिसात आल्या की काय होतं हे मला माहीत होतं. आधी रडणं, मग पाया पडणं. मी शिपायाला पाणी आणायला सांगितलं आणि कायदा सगळ्यांना सारखा असतो वगैरे बोलायला सुरुवात केली.

त्यांनी मला मध्येच थांबवलं. "त्ये असू द्या. कवा आनताय?"

"म्हणजे?"

"किती दिस लागत्याल? पेरनीच्या आत ईल का?"

मला वाटलं, बाईंना कळलेलं नाही. मी नीट सांगितलं, की पोलीस त्याला धरून आणतील. बेड्या घालून. कोर्टात उभा करतील. शिक्षा झाली तर तुरुंगात जाईल.

"सांगलीच्याच ना?"

"बहुतेक."

"मग आना." त्या खाली बसल्या आणि पिशवी मांडीवर घेतली. "आवं सायेब, सांगलीच्या तुरुंगात असला तर म्या म्हैन्याला यष्टीनं यीन, त्वांड बघीन, जाईन. काठमांडूला म्या कशी जाऊ? मालक वारल्याला धा वर्सं झाली. दुसरं मला कोन हाय? दोन साल झाली, रान पड पडलंय. पान्याची पाळी माझी असती, पर इंजिन भावजींचं. त्ये सोडत्याल तवा पानी. बाईमानसानं भांडायचं तरी किती?"

"तुम्ही त्याला पत्र टाकून बोलावून घ्या. कोर्टात हजर झाला तर जामीन मिळतो या कलमाला."

"मास्तरांकडनं तीन पत्रं लिवून घ्येतली. त्यो म्हनतूय, ही पत्रं पोलिसांनी लिवून घ्येतली असत्याल. सात वर्सं म्हनं घालत्यात आत. त्यापरीस भट्टीपशी मेल्यालं बरं, म्हनतूय."

सात वर्षं हा आकडा काठमांडूपर्यंत पोचला होता. जामीन हा शब्द वाटेतच कुठंतरी गळला होता. आमच्या धंद्यात हे नेहमीचं आहे.

त्या गेल्या. पळालेल्या माणसाची आई त्याला पकडून आणा म्हणून सांगलीपर्यंत आली होती. असं मी पाहिलं नव्हतं. मग केस आणखी जोरात करायची, असं मी ठरवलं. आता तर माझ्या मोहाला पुण्याचीही जोड मिळाली होती.

डॉक्टरांचा जबाब घ्यायला मी स्वतः गेलो. खरं तर गरज नव्हती, पण पहिली केस होती. त्या भागातल्या एका लहान सरकारी दवाखान्यात आम्ही जमलो. मी, जाधव, त्यांचा रायटर, म्हणजे जबाब लिहून घेणारा हवालदार, आणि फिर्यादी शिवा नाना. नाना साठीला आलेले, अंगात पांढरा सदरा, हसले की वरच्या दातांतली फट दिसायची. त्या दिवशी ते हसत नव्हते. डॉक्टर पेशंट उरकत होते तेवढ्यात नानांनी मला बाहेर लिंबाखाली नेलं.

"सायेब, त्याला खरंच आनताय?"

"हो. तुमची सही झाली की कागद निघाले."

"न्हाई, म्या म्हनतो, कशाला सरकारला तरास? त्यो तितं सुखात हाय. ऱ्हाऊ द्या की."

"नाना, फिर्याद तुमची आहे."

"फिर्याद हाय, ती ऱ्हाऊ द्या. केस बी ऱ्हाऊ द्या. पर त्याला आनू नगा."

 आरोपीची आई म्हणते आणा, आणि मार खाल्लेला म्हणतो आणू नका. नोकरीच्या सात वर्षांत माणसं खोटं बोलताना रोज बघत होतो, पण ही उलटी वरात मला नवी होती. कारण मात्र लगेच ध्यानात आलं. केस चालू आणि दत्तू बाहेर, यातच नानांचं बरं चाललं होतं. दत्तू येऊन जामिनावर सुटला असता तर दुसऱ्या दिवशी विहिरीवर उभा राहिला असता.

"सही करणार की नाही?"

"बघू की, दाक्तर काय म्हनत्यात."

डॉक्टर आले. बदलीवर बदल्या झालेला, दमलेला माणूस. मी एक साधा प्रश्न विचारला. खरं तर नेपाळचा मॅजिस्ट्रेट विचारेल म्हणून विचारला. "डॉक्टर, दात पडल्याची जखम ताजी होती ना?"

डॉक्टर हात धुवायला वळले.

"तुमच्या सर्टिफिकेटवर दात निखळला असं आहे."

"निखळलेला होता. त्यांनी हातात आणून दिला."

"तोंड तपासलंत ना?"

"साहेब, त्या दिवशी आठवड्याचा बाजार होता. व्हरांड्यात ही रांग. दात हातात आहे, तोंडात फट आहे, गालावर वळ आहे. मी लिहिलं."

जाधवांनी काडेपेटी पुढं केली. डॉक्टरांनी दात चिमट्यानं उचलला, खिडकीपाशी नेला, भिंग लावलं. बराच वेळ बघत होते. मग नानांना बाकावर बसवून तोंड उघडायला सांगितलं. फटीच्या शेजारच्या दाताला बोट लावलं तर तो दात मागंपुढं हलला. त्याच्या शेजारचाही हलला.

"हिरड्या गेल्यात यांच्या," डॉक्टर म्हणाले. "आणि हा दात बघा. किटण मुळाच्या टोकापर्यंत चढलंय. धड हिरडीत असलेल्या दाताला एवढ्या खाली किटण चढत नाही. हा नुसता टेकून उभा होता."

"चापटीनं पडला असेल."

"चापटीनंही पडेल. शिंकेनंही पडला असता."

मी नानांकडे वळलो. "नाना, शपथेवर लिहून घ्यायचंय. दात कधी पडला?"

नाना सदऱ्याचं बटण चाचपू लागले. मग म्हणाले, "चापट खरी हाय. आईच्यान सांगतो, पुतन्यानं मारलं मला, समद्या गड्यांम्होरं."

"दाताचं विचारतोय."

"म्या फिर्याद द्यायला निगालो तर एकजन म्हनला, नुस्त्या चापटीची केस पोलीस घेत न्हाईत. दात पडला असता तर गोष्ट येगळी हुती. मग म्या घरी ग्येलो. त्यो दात तसाबी हलतच हुता. दोरा बांधला आन् वडला."

रायटरनं लिहायचं थांबवून माझ्याकडे बघितलं. मी त्याला लिही म्हणून खूण केली.

नाना म्हणाले ते खरंच होतं. साध्या दुखापतीची दखल पोलीस स्वतःहून घेऊ शकत नाहीत, तिच्यासाठी थेट मॅजिस्ट्रेटकडे जावं लागतं. गंभीर असेल तर घ्यावीच लागते. हा फरक आमच्या भागातल्या शेतकऱ्यांना वकिलाइतकाच ठाऊक असतो. केस जड करायची तर दात लागतो, हे मीही ऐकून होतो. ऐकून होतो, पण कधी कुणाच्या तोंडात बघितलं नव्हतं.

परतीच्या एसटीत मी जुनी फाइल काढली. चार्जशीटवर कलम ३२५. डॉक्टरांच्या सर्टिफिकेटला लाल रेघ. आणि कोपऱ्यात तपासून बरोबर असल्याची सही. सही माझी होती. दोन वर्षांपूर्वीची. त्या दिवशीच्या दहा-बारा सह्यांतली एक. मला ती केल्याचं आठवतही नव्हतं. तासगाव येईपर्यंत मी ती फाइल मांडीवर तशीच उघडी ठेवली होती. मला माझीच लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी इनामदार साहेबांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, याचं मला बरं वाटलं.

"म्हणजे आता काय राहिलं?"

"३२३. चापट."

"यादीत आहे?"

"नाही."

"मग नेपाळ देणार नाही आणि आपण मागणार नाही. सुटलात." मग त्यांनी नानांच्या जबाबावर बोट ठेवलं. "हे बघितलंत? सात वर्षांच्या गुन्ह्यात अडकवायला खोटा पुरावा तयार केला, तर करणाऱ्यालाही तेवढीच शिक्षा. म्हणजे चुलताही सात वर्षांना पात्र."

मी मात्र सुटलो नव्हतो. अडचण अशी होती. गुन्हा मोठा होता तोवर सरकार दत्तूला आणू शकत होतं. खरं बाहेर आलं, गुन्हा लहान झाला, आणि आता त्याला आणायला कोणीच जाणार नव्हतं. दत्तू तर पत्रावर विश्वास ठेवत नव्हता. मी पत्र लिहिलं असतं तर सरकारी वकिलाचं पत्र बघून तो काठमांडूहूनही पुढं पळाला असता. हौसाबाईंना पोरगा हवा होता, आणि खोट्या दातानं तो मिळत होता. खऱ्यानं मिळत नव्हता. एक क्षण माझ्या मनात आलं, की तो जबाब लिहूनच घेतला नसता तर? हेही लपवत नाही.

मी दोघांना एकाच दिवशी ऑफिसात बोलावलं. नाना खुर्चीच्या कडेवर टेकले. हौसाबाई खाली बसल्या, खुर्ची नको म्हणाल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. दाताचंही. सरकार आता त्याला आणू शकत नाही, हेही.

त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि दिराकडे बघितलं. आवाज चढवला नाही.

"भावजी, दोरा बांदला तुमी?"

नानांनी मान खाली घातली. "वैनी, त्यानं समद्यांम्होरं मारलं मला. म्या कडंवर घिऊन हिंडवल्यालं पोरगं त्ये."

"मारायला नगं हुतं. त्याची चुकी हाय. त्यो आला की तुमच्या पाया पडंल. पर आता सरकार आनत न्हाई म्हनतंय. ज्यानं घालीवला त्यानं आनावा."

"म्या? काठमांडूला?"

"जत्रंला काठमांडूवनं आल्याली पोरं सोमवारी माघारी निगाल्याती. त्यांच्यासंगं जावा."

नानांनी माझ्याकडे बघितलं. मी खोट्या पुराव्याचं कलम त्यांना वाचून दाखवलं. एवढंच केलं, पुढं काही बोललो नाही. तेवढं पुरलं. हे बरोबर केलं की दडपण आणलं, याचा मी पुढं पुष्कळ विचार केला. अजून माझं नक्की होत नाही.

नाना उठले. दारापाशी थांबून त्यांनी विचारलं, "सायेब, म्या तितंच ऱ्हायलो, तर मला मागवून घेता व्हय?"

शेजारच्या टेबलावरून इनामदार साहेब म्हणाले, "तुमचा गुन्हा यादीत बसतो की नाही ते कांबळे बघतील. सध्या त्यांचा तोच अभ्यास चाललाय."

नाना गेले. साठीचा माणूस, त्याआधी पुण्याच्या पलीकडे न गेलेला, मिरजेहून गाडीत बसला. गलाईची चार पोरं बरोबर होती. पुढचं मला दत्तूनंच नंतर सांगितलं. भट्टीसमोर बसला असताना बोळाच्या तोंडाशी चुलता दिसला. त्याला वाटलं, मागं पोलीस असणार. तो मागच्या दारानं निघाला तर गावच्याच पोरांनी अडवला. नाना आले, त्याच्यासमोर पोत्यावर बसले, आणि तोंड उघडून फट दाखवली. म्हणाले, "ह्यो म्या वडला. तुज्या हातानं न्हाई पडला. चल घरला."

तिसऱ्या आठवड्यात दोघं सांगलीत उतरले. दत्तू कोर्टात हजर झाला. मी डॉक्टरांचा आणि नानांचा नवा जबाब दिला आणि ३२५ टिकत नसल्याचं सांगितलं. उरली चापट. ती आपसात मिटवता येते. मॅजिस्ट्रेटनी नानांना विचारलं, मिटवायचं का? नाना म्हणाले, व्हय. मॅजिस्ट्रेटनी नानांचा जबाब पुन्हा एकदा वाचला, त्यांना चार कडक शब्द सुनावले आणि पुढची कारवाई केली नाही. सगळं मिळून दहा मिनिटं लागली. कोर्टाबाहेर दत्तू चुलत्याच्या पाया पडला. नानांनी त्याला उठवलं नाही, पण पायही मागं घेतला नाही. विहिरीची पाळी ठरलेली होती तशीच पुन्हा सुरू झाली आणि पेरणीला दत्तू रानात होता.

त्या दिवशी हौसाबाई माझ्याकडे आल्या. मला वाटलं, आता आभार मानतील. मी ते नाकारण्याचे शब्दही मनात जुळवले होते.

"सायेब, त्यो दाक्तरचा कागूद तुमच्याकडं पैल्यांदा कवा आला हुता?"

"दोन वर्षांपूर्वी."

"मग तुमी दाक्तरला आता जे इचारलं, ते तवा का न्हाई इचारलं?"

त्या भांडत नव्हत्या. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हणालो, "चुकलं माझं." त्यांनी मान हलवली, पोराला हाक मारली आणि दोघं स्टँडकडे गेली.

पुढं माझी सातारा जिल्ह्यात बदली झाली. मेढ्याला, नंतर साताऱ्याला. दात पडल्याची केस आली की मी फौजदाराला सांगायचो, आधी फिर्यादीला घेऊन या. मग त्याला खिडकीपाशी बसवून तोंड उघडायला लावायचो आणि डॉक्टरांना तिथंच बोलावून घ्यायचो. कांबळे वकिलाला दातांच्या डॉक्टरकीचा नाद आहे, असं पोलिसांत बोललं जायचं. बऱ्याच केसेस खिडकीपाशीच ३२३ झाल्या. प्रत्यार्पणाची केस मला पुन्हा मिळाली नाही. परदेशातून आलेला एकच आरोपी मी नोकरीत पाहिला, आणि त्याला फिर्यादी स्वतःच्या तिकिटानं घेऊन आला होता.